दारावरची थाप

आमच्या हिमायतनगरच्या घराचे दार मोठे आणि कडी लहान. दार माणसांसाठी असते आणि कडी कुत्र्यांसाठी, असे वडील म्हणत. त्यामुळे दिवस उजाडला की जे दार सताड उघडे व्हायचे, ते थेट निजानीज होईपर्यंत. गावाचे जुने नाव वाढोणा. परमेश्वराच्या देवळामुळे यात्रेकरूंची ये-जा पूर्वीपासूनची. त्या दाराशी किती तऱ्हेची माणसे येऊन गेली! पहाटेच्या अंधारात पिंगळा यायचा, मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव यायचा, गुरुवारी लोबानाचा धूर घेऊन फकीर यायचा, महाशिवरात्रीच्या सुमारास गोसावी यायचे. आई सुपातली ज्वारी प्रत्येकाच्या झोळीत सारख्याच हाताने टाकी. प्रत्येकाच्या तोंडी आपापला देव होता; परंतु ‘तुमचा देव सोडा आणि आमचा घ्या’ असे त्यांपैकी कोणी कधी म्हटले नाही.

असे म्हणणारी माणसे दाराशी आली ती मी साठी ओलांडल्यावर, आणि तीही सातासमुद्रांपलीकडे. धाकट्या लेकीकडे आम्ही दोघे दिवाळीसाठी अमेरिकेत गेलो होतो. एके दिवशी दुपारी दारावर थाप पडली. उघडून पाहतो, तो पांढरे सदरे, गळ्यात टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी अशी दोन कोवळी पोरे उभी. मॉर्मन पंथाचे ते प्रचारक होते. आमच्या सौभाग्यवतींनी दाराशी आलेल्या माणसाला कधी परत पाठवलेले नाही. त्यांनी पोरांना आत बसवले आणि चहा केला. पोरे अवघडली. त्यांच्या धर्मात चहा वर्ज्य! मग त्यांनी पाणी घेतले आणि चकल्यांचा मात्र मनापासून समाचार घेतला.

हा पंथ जोसेफ स्मिथ याने 1830 साली अमेरिकेत स्थापन केला. त्यांची तरुण मुले अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी घर सोडतात आणि दोन वर्षे, स्वतःच्या किंवा घरच्यांच्या पैशाने, पंथ पाठवील त्या गावी राहून जोडीजोडीने प्रचार करतात. जगभर असे 70 हजारांहून अधिक प्रचारक आहेत. 2019 पर्यंत त्यांना वर्षातून फक्त दोनदा घरी फोन करता येई. आता आठवड्यातून एकदा करता येतो. हे ऐकून आमच्या घरातून आणखी चार चकल्या बाहेर आल्या. आपल्याकडेही ही मंडळी फार पूर्वी येऊन गेली आहेत. 1852 साली ह्यू फिंडले नावाचा त्यांचा प्रचारक मुंबईस उतरला आणि पुढे पुण्यास गेला. परंतु त्याच्यामागे मूठभरच माणसे गेली आणि चार-पाच वर्षांत ती पहिली मोहीम गुंडाळली गेली.

पोरे गेल्यावर जावई म्हणाले, “बाबा, दारोदार फिरण्यात यांची दोन वर्षे जातात. दहांतली नऊ दारे तोंडावर बंद होतात. त्यापेक्षा यांनी सरळ लोकसेवाच का करू नये? म्हाताऱ्यांची कामे करावीत, आजाऱ्यांपाशी बसावे. लोक आपोआप जवळ येतील.”

मी चटकन ‘बरोबर आहे’ म्हणून गेलो. परंतु रात्री त्यांचे शेवटचे वाक्य मनात टोचू लागले. लोक जवळ यावेत म्हणून केलेली ती सेवा का? आणि जवळ आल्यावर काय?

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्राने एकदा फार दुःखाने अनुभवलेला आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. रमाबाई स्वतः 1883 साली ख्रिस्ती झालेल्या होत्या. पैसा अमेरिकेतून येत होता. परंतु सदनात कोणत्याही धर्माचा उपदेश होणार नाही, असे आरंभीच ठरले होते. त्या भरवशावर रानडे-भांडारकरांसारखी माणसे सल्लागार म्हणून पाठीशी उभी राहिली. पुढे बोभाटा झाला, की काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात. ‘केसरी’ने झोड उठवली. 1893 साली सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली सदनातून नेल्या.

रमाबाईंचे म्हणणे असे, की आपण कोणाला बोलावले नाही. प्रार्थना करताना आपल्या खोलीचे दार लावून घेतले नाही, एवढेच. आता यात दोष कोणाचा म्हणायचा? स्वतःच्या घरात, स्वतःच्या देवापुढे बसताना कोणी दार का लावून घ्यावे? आपली श्रद्धा चोरासारखी लपवावी, असे कोणाला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. मला रमाबाईंचे हे म्हणणे पुष्कळ पटते.

परंतु त्या दाराबाहेर उभी असलेली मुलगीही मला दिसते. वय बारा-चौदा. डोक्यावरचे केस गेलेले, सासर तुटलेले, माहेराला ओझे झालेले. जगात तिला पोटभर अन्न, पुस्तक आणि मायेचा शब्द देणारी एकच बाई, आणि ती बाई समोरच्या खोलीत डोळे मिटून प्रार्थना करीत आहे. ही मुलगी आत जाऊन बसली, तर ती श्रद्धेने बसली की कृतज्ञतेने? माझी खात्री आहे, की ते तिचे तिलाही सांगता आले नसते.

सेवेतली अडचण ही अशी आहे. प्रचारक माझ्या उंबऱ्यापाशी येतो तेव्हा घर माझे असते. मी त्याला ‘नको’ म्हणू शकतो आणि ‘नको’ म्हटल्यावर माझे काहीच जात नाही. परंतु सेवा घेणारा माणूस बहुधा दुसऱ्याच्या उंबऱ्याच्या आत असतो. तो आजारी असतो, भुकेला असतो, एकटा असतो. ज्याच्या हातून औषध घेतले त्याला ‘नको’ म्हणताना जीभ अडखळते. म्हणून दारोदार फिरणे आपल्याला कितीही उपद्रवाचे वाटले, तरी त्यात एक सचोटी आहे. त्या पोरांनी मला पहिल्याच वाक्यात सांगून टाकले होते, की आम्ही यासाठी आलो आहोत. उलट प्रचार सोडून सेवा करा, कारण सेवेनेच प्रचार अधिक होतो, असे म्हणणाऱ्याने प्रचार सोडलेलाच नसतो. त्याने फक्त तो माणसाच्या अडचणीच्या वेळेपर्यंत लांबणीवर टाकलेला असतो.

राज्यघटनेच्या 25व्या कलमाने धर्माच्या प्रचाराचा हक्क मान्य केला आहे. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला मर्यादा घातली, की प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. न्यायालयाने आपले काम केले. परंतु भुकेल्याच्या ताटाशी बसून काय बोलावे आणि काय बोलू नये, हे कोणतेही न्यायालय सांगू शकत नाही. ते ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

मग सेवा करूच नये की काय? तसे मुळीच नाही. त्याच शारदा सदनात गोदूबाई नावाची एक विधवा मुलगी शिकत होती. तिने तिथले अन्न खाल्ले, तिथली विद्या घेतली आणि आपल्या धर्मातच राहून 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न केले. त्याच आनंदीबाई कर्वे. आणि 1896 साली कर्व्यांनी स्वतः विधवांसाठी पुण्यात काम उभे केले. रमाबाईंना हिशेब मांडायचा असता, तर ही मुलगी त्यांच्या वहीत तोट्याच्या बाजूला पडली असती. मला मात्र सदनाची ती मोठी मिळकत वाटते.

बोलणे आणि सेवा ही दोन्ही एकाच माणसाने कशी करावी, याचा कित्ता गाडगे महाराजांनी घालून दिला आहे. डोक्यावर गाडगे, अंगात चिंध्या, हातात खराटा. दिवसा ते गाव झाडीत आणि रात्री त्याच गावाला कीर्तन ऐकवीत. ‘तुम्ही नुसते झाडा, बोलू नका,’ असे त्यांना कोणी म्हटले असते, तर महाराष्ट्र केवढ्या धनाला मुकला असता! दारू सोडा, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, हे त्यांनी झणझणीत शब्दांत सांगितले. म्हणजे प्रचार त्यांनी केलाच. परंतु गाव झाडले ते सगळ्यांचे. ऐकणाऱ्याचे दार झाडायचे आणि न ऐकणाऱ्याचे सोडायचे, असे नव्हे. कीर्तन उघड्यावर व्हायचे. ज्याला बसायचे तो बसे, ज्याला उठायचे तो उठून घरी जाई. त्यांनी पंथ काढला नाही, पाया पडू दिले नाही, आणि कीर्तन संपले की बहुधा पुढच्या गावची वाट धरली. 1956 साली ते गेले तेव्हा मागे धर्मशाळा उरल्या, शाळा उरल्या. शिष्यांची यादी उरली नाही.

दुसरे उदाहरण माझ्या पोटाला ठाऊक आहे. वडिलांच्या अखेरच्या दुखण्यात त्यांना नांदेडला दवाखान्यात ठेवले होते. आदिलाबादकडून येणाऱ्या गाडीने मी जाई आणि कित्येक दिवस दोन्ही वेळ गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवे. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला ती ही जागा. पंगतीत शेजारी कोण बसला आहे, हे कोणी कोणाला विचारीत नाही. वाढणारा दाल-रोटी वाढतो आणि पुढे सरकतो. आत ग्रंथाचे वाचन आणि कीर्तन चाललेले असते, ते लपवलेले नाही. परंतु जेवायला येणाऱ्याने आधी तिकडे डोकवावे अशी अट नाही, आणि जेवून जाणाऱ्याला ‘कसे वाटले?’ असेही कोणी विचारीत नाही. वडील गेले त्यानंतर एकदा मी आपण होऊन आत जाऊन बसलो. मी शीख झालो नाही. परंतु त्या दिवशी तिथे बसलो तो माझ्या पायांनी गेलो होतो.

अमेरिकेतल्या पोरांची गोष्ट अर्धी राहिली. आठवड्याने ती पुन्हा आली. अंगणात झाडांच्या पानांचा खच पडला होता. “आम्ही गोळा करू का?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “बाळांनो, आधीच सांगतो, आम्ही तुमच्या पंथात येणार नाही. तरीही गोळा कराल?” त्यांतला मोठा क्षणभर थांबला. तो थांबला हे मला आवडले, कारण पाठ केलेले उत्तर त्याच्याजवळ नव्हते. मग म्हणाला, “हो, करू.” दोघांनी बाह्या वर सारल्या आणि तासाभरात अंगण लख्ख केले. त्याच्या पुढच्या आठवड्यात मोठा पोरगा पुन्हा आला. पुस्तकाचे नाव त्याने एकदाही काढले नाही. शेवटी मीच विचारले, “काय लिहिले आहे रे त्यात?” त्याने सांगितले. मला ते पटले नाही. परंतु मी मन लावून ऐकले. निघताना तो लाजत म्हणाला, की घर सोडल्यापासून दुसऱ्याच्या देवाबद्दल त्याने कोणाला काही विचारलेच नव्हते. मग मी त्याला आमच्या वाढोण्याच्या परमेश्वराबद्दल सांगितले.

घरी आल्यावर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, म्हणजे झाडलोट करून त्याने तुम्हाला बोलते केलेच की!” शंका रास्त होती. मी पुष्कळ विचार केला. त्याने मला बोलते केले हे खरे. परंतु तो आधी हरला होता. माझा नकार त्याने खिशात घातला आणि मग खराटा हातात घेतला. नकारानंतरही जी टिकते ती सेवा, एवढीच खूण मला सापडली आहे. जावयांना आता मी असे उत्तर देईन, की त्या पोरांनी दार वाजवणे सोडायला नको. उघडपणे यावे, आपले सांगावे, नकार मिळाला तर हसत परतावे. आणि हातांनी काम करावे ते नकार देणाऱ्याच्याही अंगणात करावे, मात्र त्याची नोंद कोणत्याही वहीत करू नये.

हे लिहिताना घरात फराळाची ताटे भरली जात आहेत. एक ताट शेजारच्या बोहऱ्यांकडे, एक मागच्या वस्तीत, एक नव्यानेच राहायला आलेल्या, अजून ओळखही न झालेल्या बिऱ्हाडी जाईल. पहाटे पिंगळा आता येत नाही, वासुदेवही क्वचितच दिसतो. तरी दाराची कडी मी अजून मोठी केलेली नाही.