रंगाचा प्रश्न

माझी आई निपाणीच्या तंबाखू वखारीत राबली. तिच्या हातांचा रंग घरात कुणी कधी पाहिला नाही. पण ताईला पाहुणे बघायला येणार ठरले, तेव्हा तीच पदराआड गोरेपणाच्या क्रीमची ट्यूब घेऊन आली. १९७५ साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातले ‘फेअर’ २०२० साली गेले, ‘ग्लो’ आले. जाहिरातींनी फसविले म्हणावे, तर त्याआधी हळद-साय चोळताना आपण लेकींना काय सांगत होतो? सीमाभागात पाटीवरच्या अक्षरांसाठी आपण भांडतो. स्थळ बघताना मात्र मराठी ‘गोरी’ नि कन्नड ‘बेळ्ळगे’ यांचे चटकन जमते.

ताईने ट्यूब उघडली नाही. ‘तुला बघायला आले तेव्हा तू काय लावलं होतंस?’ एवढेच विचारले.

आई म्हणाली, ‘साय.’