मागच्यासाठी दिवा



हेडलाइट गेला की आपली अडचण होते, म्हणून तो आपण त्याच दिवशी दुरुस्त करतो. ब्रेकलाइट गेला तर महिना महिना कळतही नाही, कारण तो मागून येणाऱ्यासाठी असतो.

पावसाळ्यात चोर्ला घाटातल्या धुक्यात मागच्याला आधी दिसतो तो आपला लाल दिवा. ताशी ३६ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १० मीटर जाते. त्याला कळायला दोन सेकंद उशीर झाला, की २० मीटर गेलेच.

कुणी म्हणेल, मागच्याने अंतर ठेवावं. खरं आहे. पण ते त्याचं कर्तव्य झालं. त्याने आपलं फिटत नाही.

आणि काम तरी केवढंसं? रात्री गाडीची पाठ भिंतीकडे करून ब्रेक दाबा नि आरशात बघा, दोन्ही बाजूंना लाल उजेड पडतो का. टेललाइट लागते म्हणून निश्चिंत राहू नका. पुष्कळ गाड्यांत एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, टेललाइटची ५ वॅटची आणि ब्रेकची २१ वॅटची. एक जळली तरी दुसरी पेटत राहते. असा बल्ब गाडी बंद करून, थंड झाल्यावर घरीच बदलता येतो. दोन्हीकडे अंधार असेल तर फ्यूज किंवा पेडलजवळचा स्विच तपासून घ्यावा.

चारचौघांत दिसणारी सेवा आपण चोख करतो. जिचा उजेड आपल्याला दिसत नाही नि आभारही कुणी मानत नाही, ती राहून जाते. साधना अंगी उतरली का, ते तिथेच कळतं.

या गुरुवारी आरतीनंतर घरोघरी एवढं करूया. 🙏