120 नंबरचा जुना तुकडा

हातातलं काम थोडा वेळ राहू द्या. डब्यातून पॉलिश पेपरचा एखादा वापरलेला तुकडा काढा. पाठीवर 120 छापलेलं, कडा मऊ पडलेल्या, मधोमध घडीची रेघ. टाकायचा की ठेवायचा, हे इतक्यात ठरवू नका.

आधी तो खिडकीपाशी तिरपा धरा. कणांच्या फटींत भुसा दाटलेला दिसतो का? सागाचं लाकूड तेलकट, त्याचा भुसा चिकटून बसतो. तसं असेल तर पेपर झिजलेला नाही, नुसता बुजलाय. पाठीवर टिचक्या मारा, दातांचा जुना ब्रश फिरवा, नाहीतर क्रेप सोलच्या जुन्या चपलेचा तळ त्यावर घासा. रबर भुसा ओढून घेतं. धड पेपर लोक नेमके इथेच फेकून देतात, हे मला कायम खटकतं. पॉलिशच्या टणक गुठळ्या बसल्या असतील तर मात्र नाद सोडा.

आता अंगठा फिरवा, सावकाश. बोथट कण बोटाला अडत नाहीत, नुसते खरखरतात. पाठीवरचा 120 हा आकडा मुळात चाळणीचा. एका इंचात जितकी जास्त भोकं, तितका आकडा मोठा आणि कण बारीक. टोकं झिजली तरी छापलेला आकडा तोच राहतो. लाकडाला मात्र तो पेपर 180 सारखा लागतो. सारखा म्हणतोय, 180 नव्हे. एखादा कण धार राखून असतो आणि तोच लांब ओरखडा काढतो. म्हणून टेबलाच्या वरच्या फळीला कोराच पेपर घ्या.

जुना तुकडा फळीच्या कडेवर ठेवा. बोटाला टोचणारी धार तेवढी मोडायची आहे. दोन हात फिरवा, थांबा, बोट लावून बघा. मग फळीचं कापलेलं टोक घ्या. तिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, रंग ती अधाशासारखा पितात. थकलेला पेपर ती जरा दाबून गुळगुळीत करतो, रंग तिथे फार काळवंडत नाही.

मध्येच मनगटाकडे लक्ष द्या. जोर वाढलाय का? जोर लावावासा वाटला, की त्या जागेवरचं त्या पेपरचं काम संपलं. रेटून फक्त खळगा पडतो.

चपडीच्या पॉलिशचा पहिला हात वाळला की तळवा फिरवा. बारीक खरखर लागेल: उठलेले तंतू, बसलेली धूळ. इथे 120 नकोच, 320 चा थकलेला तुकडा हवा. नवा असेल तर कडेवरचा पातळ थर कापून थेट लाकडाला भिडतो. थकलेला तेवढी खरखरच उतरवतो. लाकडाच्या रेषेच्या दिशेनं फिरवा, वजन न टाकता. पांढरी भुकटी येईल. पुढचा हात देण्याआधी ती कोरड्या फडक्यानं टिपून घ्या, नाहीतर पॉलिशखाली धुरकट डाग राहतात.