देहाची साक्ष

मनावरचा ताण हा अलीकडे आरोग्याचा विषय होऊन बसला आहे. कचेऱ्यांतून त्यावर व्याख्याने होतात, श्वासाकडे लक्ष द्या असे सांगितले जाते आणि श्रोते जरा हलके होऊन पुन्हा कामाला लागतात. या उपदेशाशी आमचे भांडण नाही. मात्र हा प्रश्न नीतीचाही आहे काय, याचा विचार फारसा होत नाही. तो करून पाहावा असे आम्हांस वाटते.

ताणाची मुळे देहात किती खोल गेलेली असतात हे विसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भय आणि क्रोध यांमुळे शरीरात होणारी उलथापालथ मांडली: हृदय जलद चालते, रक्तातील साखर वाढते, पचन मंदावते, सारे बळ स्नायूंकडे धाव घेते. पुढे १९३६ साली माँट्रियल येथे हान्स सेल्ये यांना असे आढळले की, थंडी, जखम, विषार, अतिश्रम, कारण कोणतेही असो, उंदरांचा देह त्यास बरेचसे एकच उत्तर देतो. आणि आमच्या पतंजलींनी तर विक्षिप्त चित्ताचे सोबती सांगताना दुःख व दौर्मनस्य यांच्या पंक्तीला अंगाचा कंप आणि विस्कळीत श्वासप्रश्वास यांनाही बसविले आहे. मनाची साक्ष देहाकडे मागावी, हे त्यांस ठाऊक होते.

ही साक्ष ऐकणे म्हणजे काय? एखाद्या कारकुनाचे उदाहरण घेऊ. दुपारी साहेबाने चारचौघांत त्याचा पाणउतारा केला. त्याने मान खाली घातली, फाइल उचलली, काम पुरे केले. संध्याकाळी तो ते विसरला आहे, निदान तसे त्याला वाटते. परंतु त्याचा जबडा आवळलेला आहे, खांदे कानांकडे चढले आहेत, श्वास छातीतच अडतो आहे. घरात पाऊल टाकावे, मुलाच्या हातून पेला सांडावा, आणि साहेबाला न दिलेले उत्तर त्या पोराच्या गालावर उमटावे! ताण पाण्यासारखा उताराकडे वाहतो. वरच्याने खालच्याला, थोराने लहानाला आणि बहुधा पुरुषाने स्त्रीला तो द्यावा, असा जणू जगाचा रिवाजच आहे. उंबरठ्याशी क्षणभर थांबून त्या कारकुनाने आपला आवळलेला जबडा ओळखला असता तर? क्रोध काही नाहीसा झाला नसता. सावकाश श्वास सोडला म्हणजे हृदयाची गती थोडी उतरते, देह एवढेच करील. पण हा क्रोध कोणामुळे आला आणि निघाला आहे कोणावर, हे त्याला कळले असते. देहाकडे लक्ष देणे हे म्हणूनच आम्हांस प्रथम दुसऱ्याविषयीचे कर्तव्य वाटते. स्वतःचा आराम त्यानंतरचा.

आता त्या साहेबाचे काय? ताण सहन करणाऱ्याला श्वास शिकवायचा आणि ताण देणाऱ्याला काहीच विचारायचे नाही, ही सोय फार सुखाची आहे. १९९४ च्या एप्रिल महिन्यात दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजाराहून अधिक बंद्यांसाठी विपश्यनेचे शिबिर झाले. त्यांतील कोणाला एक रात्र शांत झोप लागली असेल, तर तिला क्षुल्लक म्हणण्याचा अधिकार बाहेर मोकळे फिरणाऱ्या आम्हांस नाही. परंतु तिहारमध्ये बहुसंख्य भरणा आहे तो खटल्याचा निकाल न लागलेल्या कच्च्या कैद्यांचा. श्वास पाहिल्याने तारीख जवळ येत नाही. बंद्यांच्या शांतीआड न्यायाची दिरंगाई लपू लागली, तर त्या शांतीचा लाभ नेमका कोणाला?

शांतीचे पुरस्कर्ते येथे बुद्धाचा विषारी बाणाचा दृष्टांत पुढे करतील. बाण मारणाऱ्याचे नाव, कूळ कळेपर्यंत मी बाण काढू देणार नाही, असे म्हणणारा मनुष्य तसाच मरतो. जग शाश्वत की अशाश्वत, असल्या प्रश्नांवर अडून बसलेल्या भिक्षूला तो सांगितलेला आहे, हे तूर्त बाजूला ठेवू. बाण आधी काढावा, हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. तो निघाल्यावर मारणाऱ्याची चौकशी करू नये, असे मात्र त्यात कोठेही म्हटलेले नाही. आमच्या कारकुनाला दुसऱ्या दिवशी साहेबाच्या खोलीत जाऊन दोन शब्द बोलावयाचे असतील, तर श्वास ठिकाणावर असलेला बरा. आवाज तेवढा कापणार नाही.