बर्फाचा न्याय

बर्फ म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे रसवंतीतली लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली लादी येते. ती फोडून रसात टाकायची, एवढाच बर्फाचा आणि माणसाचा संबंध, अशी माझी सत्तर वर्षे समजूत होती. त्यावर उभे राहावे, त्यावरून वाऱ्यासारखे जावे आणि आपटल्यावर रडूही नये, ही कल्पना मला कधी शिवली नव्हती. गेल्या हिवाळ्यात मी टोरांटोजवळ चिरंजीवांकडे राहिलो, आणि आठवड्यातून तीन दिवस, पुरते उजाडण्यापूर्वी, नातवाबरोबर एका गारठलेल्या इमारतीतील बाकावर जाऊन बसू लागलो. हातात चहाचा कागदी पेला, गुडघ्यांवर शाल आणि समोर आइस हॉकीचे रिंक. त्या बाकावर मला एक प्रश्न पडला. प्रश्न हॉकीचा नव्हता. पण हॉकीवाचून तो मला पडलाही नसता.

आधी खेळ सांगतो. रिंक म्हणजे सुमारे 61 मीटर लांब आणि 26 मीटर रुंद असे बर्फाचे अंगण, चारी कोपरे गोलसर. एका बाजूचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. चेंडूऐवजी 3 इंच व्यासाची आणि 1 इंच जाडीची रबराची टणक चकती. तिला पक म्हणतात. मोठ्यांच्या खेळात एक तुकडी जेमतेम पाऊण मिनिट मैदानात राहते, धापा टाकीत बाकावर परतते, आणि खेळ न थांबवता दुसरी उतरते. इतका दम काढणारा हा वेग. बुटाखाली पोलादी पाते असते, साधारण 3 मिलिमीटर जाडीचे. त्याचा तळ मधोमध पन्हळासारखा घासलेला असतो, त्यामुळे एकाच पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा येतात. स्केटिंगची सारी विद्या या दोन धारांवर उभी आहे.

माझा नातू दहा वर्षांचा, आणि त्याच्या संघातला सर्वांत चपळ. शिट्टी झाली की टकटक पावले टाकीत पकपाशी पहिला. शेजारच्या आया ओरडत, आणि काही न कळता मीही टाळ्या वाजवी. त्या हंगामात संघाला एक नव्या शिक्षिका लाभल्या. पूर्वी त्या फिगर स्केटिंग करीत, म्हणजे बर्फावरच्या गिरक्या आणि उड्या. त्यांनी पोराला दोन दिवस पाहिले आणि त्याच्या बापाला बाजूला घेऊन सांगितले, "हा बर्फावर धावतो. याला अजून स्केटिंग येत नाही."

मला हे कोडेच वाटले. पहिला येणाऱ्याला येत नाही म्हणजे काय? पण बाईंनी माझ्यासारख्या अडाण्यालाही समजेल असे समजावले. जमिनीवर आपण पाय मागे रेटतो आणि पुढे जातो. स्केटचे पाते मात्र लांबीच्या दिशेने इतके निसटते असते, की सरळ मागे रेटावे तर पायच मागे निसटतो. रेटा द्यायचा तो पात्याला आडवा. पाऊल बाहेर वळवून, आतल्या धारेवर, बाजूला. आरंभीची तीन-चार पावले, अंगात वेग नसताना, धावल्यासारखी आखूड पडली तरी चालतात. माझा नातू जिंके तो त्या तीन-चार पावलांत. एकदा वेग आला, की खालचा बर्फ पायापेक्षा जलद मागे पळू लागतो, आणि मग धावणाऱ्याची पावले नुसती वाजतात. तेथे लांब रेटा हवा. रेटा लांब हवा तर गुडघा खोल वाकवायला हवा, अदृश्य पाटावर बसल्यासारखा. म्हणजे पाय पुरता सरळ होईपर्यंत जोर लावायला वाव मिळतो.

आणि त्यानंतरची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. रेटा संपला की ते पाऊल बर्फालगत राखून पुन्हा शरीराखाली आणायचे. टाच टाचेला लागते की काय, इतके जवळ. या परतीच्या पावलाने वेग काडीचाही वाढत नाही. पाहणाऱ्याला ते दिसतही नाही. पण ते अर्ध्यावर टेकवले तर पुढचा रेटा अर्धाच होतो. नातू ते अर्ध्यावर टेकवी. म्हणून त्याची पावले पुष्कळ पडत, आणि त्यातले प्रत्येक पाऊल अर्धे असे.

"आज हा पहिला आहे," बाई म्हणाल्या. "चौदाव्या वर्षी, पायात जोर आलेली इतर मुले याला मागे टाकतील. मला एक हंगाम द्या. पण आधीच सांगते, हा प्रथम हळू होईल."

तसेच झाले. स्टिक गेली, पक गेला. एका पायावर घसरत जायचे, बाहेरच्या धारेवर वर्तुळे काढायची, गुडघे वाकवून रिंकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे. जो पोरगा कधी पडत नसे तो तासाला दहादा पडू लागला. नाताळाच्या सुमारास संघांची फेरमांडणी झाली आणि त्याला खालच्या संघात टाकण्यात आले. परतताना गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. मुले रडू लपवायला लागली की त्यांचे बालपण सरत आल्याचे कळते.

त्या रात्री चिरंजीव स्वयंपाकघरात मला म्हणाला, "बाबा, उद्यापासून हे बंद. चालत्या पोराला मोडून नवे करण्याचा उद्योग मी एकदा पाहिलेला आहे." एवढे बोलून त्याने आपला उजवा हात टेबलावर ठेवला, आणि मी खाली पाहिले.

कारण माझा मुलगा जन्मतः डावखुरा. पाटी हातात दिली तेव्हा त्याने पेन्सिल डाव्या हातात धरली. मी ती काढून उजव्या हातात दिली. पुन्हा त्याने डाव्यात घेतली. मग मी त्याच्या डाव्या मनगटाला रुमाल बांधून तो पाटाच्या पायाशी अडकवू लागलो. "प्रसाद कोणी डाव्या हाताने घेतो का? लोक हसतील. तुझ्याच भल्यासाठी सांगतो आहे," असे मी म्हणे, आणि तसे मला खरोखरच वाटत असे. वर्ष-दोन वर्षे तो वर्गात फारसा बोलेनासा झाला होता, हे मला त्याच्या आईने सांगितले. ते मी मनावर घेतले नाही. पुढे त्याचे अक्षर मोत्यासारखे झाले. मी ते पाहुण्यांना दाखवी. माझ्या हिशेबी तो विषय तेथे संपला होता. त्याच्या हिशेबी तो चाळीस वर्षे संपला नव्हता, हे मला त्या रात्री कळले.

तेव्हा माझा प्रश्न असा. दुसऱ्याच्या, विशेषतः लहानाच्या, अंगवळणी पडलेली रीत त्याच्या भल्यासाठी मोडण्याचा अधिकार आपल्याला कोठून येतो? बाईंनी केले आणि मी केले, यांत फरक आहे की नाही? नसेल तर बाई दोषी. असेल तर तो फरक नेमका कोणता?

पहिले उत्तर सुचते ते फळाचे. पुढे चांगले झाले की मागचे माफ. पण माझ्या मुलाचे अक्षर चांगलेच झाले होते! फळ गोड निघाले म्हणून त्यासाठी कापलेल्या फांदीचा हिशेब चुकत नाही. शिवाय फळ नेहमी उद्याचे असते आणि रडू आजचे. चौदाव्या वर्षी हा मुलगा हॉकी खेळत असेल, याची हमी कोणी द्यावी? आणि वेग साधला म्हणून खेळ साधतो असेही नाही. वेन ग्रेट्झ्की काही आपल्या काळातला सर्वांत वेगवान खेळाडू नव्हता. तरी त्याचा 894 गोलांचा विक्रम 2025 च्या एप्रिलमध्ये ओवेचकिनने ओलांडीपर्यंत कोणाला मोडता आला नव्हता.

दुसरे उत्तर याच्या उलट : निसर्गाने दिले ते तसेच राहू द्यावे. हे ऐकायला फार गोड आहे. पण पायाला पोलादी पाते बांधून बर्फावर उभे राहणे, यात निसर्ग कोठे आला? नातवाची टकटक पावले निसर्गदत्त नव्हती. ती फक्त त्याला आधी सापडलेली होती. आपण पुष्कळदा पहिल्या सवयीलाच स्वभाव म्हणतो. मुलाचा डावा हात मात्र खरोखर त्याचा होता.

येथे मला फरकाचा पहिला धागा सापडला. मुलाचा हात चूक आहे असे कोण म्हणत होते? पंगत म्हणत होती, शेजारी म्हणत होते, मी म्हणत होतो. पाटीची काहीच तक्रार नव्हती. नातवाचे पाऊल चूक आहे असे मात्र खुद्द बर्फ म्हणत होता. बाई केवळ त्याचा निरोप सांगत होत्या, आणि तो खरा की खोटा हे मुलाला स्वतःच्या पायाने तपासता येत होते. मौज म्हणजे त्याच रिंकवर अर्ध्याहून अधिक मुले स्टिक डाव्या बाजूने चालवतात, माझा नातूही. आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाही.

बर्फ लोकमताला किती कमी मानतो याची साक्ष इतिहासातही आहे. हा खेळ कॅनडाचा, असे सारे जग समजे. 1954 साली सोविएत संघ स्टॉकहोमला प्रथमच जागतिक स्पर्धेत उतरला. त्यांच्याकडे या खेळाची परंपरा अवघी काही वर्षांची. पण त्यांच्या खेळाडूंचे पाय बँडी नावाच्या जुन्या खेळात, फुटबॉलच्या मैदानाएवढ्या बर्फावर, तयार झालेले होते. त्यांनी कॅनडाला 7–2 असे हरवले. बर्फाने वंशावळ विचारली नाही. तसा तो हेकटही नाही. हल्लीचा कॉनर मॅकडेविड 2017 ते 2019 अशी ओळीने तीन वर्षे वेगाची स्पर्धा जिंकला. तो सरळ जातानाही पायावर पाय ओलांडीत वेग वाढवतो. नियम पाळून वळण आपले ठेवायला बर्फाची हरकत नसते.

दुसरा धागा संमतीचा. 1970 नंतरच्या दशकात न्यूयॉर्क आयलंडर्सच्या बॉब नायस्ट्रॉम या व्यावसायिक खेळाडूने लॉरा स्टॅम या, मूळच्या फिगर स्केटिंगमधल्या, बाईंकडे स्केटिंगचे धडे घेतले. राकट पुरुषांच्या खेळात हे सोपे नव्हते. पुढे 24 मे 1980 रोजी जादा वेळेत त्यानेच गोल केला आणि त्याच्या संघाला पहिला स्टॅनले चषक मिळाला. त्याच्या धैर्यात मला गोलाहून अधिक गोडी वाटते. पण तो मोठा होता, आपण होऊन गेला. दहा वर्षांच्या मुलाची संमती कशी मोजावी? मला वाटते, तिची एकच कसोटी आहे : किंमत आधी सांगितली होती काय? बाईंनी सांगितली होती. आता पाहतो तर ती बापाला सांगितली होती, मुलाला नाही. मी तर कोणालाच सांगितली नव्हती, कारण किंमत असते हेच मला ठाऊक नव्हते.

हे सारे मी चिरंजीवाला सांगितले. "तुझ्या बाबतीत मी चुकलो," हेही सांगितले; सांगायला चाळीस वर्षे लागली, आणि म्हणायला एक श्वास. तो काही बोलला नाही. चहाचे आधण मात्र त्याने दोघांसाठी ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याने मुलाला समोर बसवून विचारले. सगळे सांगितले : आणखी पडशील, वरच्या संघात कदाचित परत जाणारही नाहीस, सोडायचे तर आज सोड. पोराने बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, "बाहेरच्या धारेचे वर्तुळ अजून पुरे होत नाही. ते झाले की सांगतो."

मी मार्चमध्ये परतलो. वर्तुळ पुरे झाले होते. तो खालच्या संघातच होता, आणि अजूनही आहे. निघण्यापूर्वीच्या रविवारी रिंक सर्वांसाठी खुले होते. पंधरा वर्षे त्या देशात राहूनही चिरंजीव कधी बर्फावर उतरला नव्हता. पोराने त्याला हाताला धरून ओढत नेले. भाड्याचे स्केट्स बांधून, कठडा घट्ट धरून तो उभा राहिला आणि घाबऱ्या आवाजात म्हणाला, "कोणता पाय आधी टाकू?"

"कोणताही," पोरगा म्हणाला. "तुला बरा वाटेल तो. फक्त वाक, बाबा."

माझ्या मुलाने क्षणभर खाली पाहिले आणि डावा पाय पुढे टाकला.