ड्यूटी : काम की ऋण?

भिलाईच्या नेहरू नगरात राहणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांच्या बोलण्यात ‘ड्यूटी’ हा शब्द रोज येतो. “बाबा कुठे आहेत?” “ड्यूटीवर गेलेत.” ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. झोतभट्टी रात्री विझवून सकाळी पुन्हा पेटवता येत नाही. म्हणून काम तीन पाळ्यांत चालते आणि ‘ड्यूटी’ म्हणजे पाळीचे आठ तास, हा अर्थ आपल्या मनात पक्का बसला.

मूळ अर्थ मात्र वेगळा आहे. हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि त्याचे मूळ लॅटिन भाषेतील ‘देणे असणे’ या क्रियापदात आहे. कर्जासाठीचा ‘डेट’ हा शब्दही त्याच मुळाचा. मालावरील कराला ‘ड्यूटी’ म्हणतात तेही याच कारणाने. आपला ‘कर्तव्य’ शब्द ‘जे करायला हवे’ एवढे सांगतो. ‘ड्यूटी’ सांगते, जे आपण कोणाचे तरी देणे लागतो. आपल्या परंपरेत यासाठी ‘ऋण’ हा शब्द आहे. देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे तैत्तिरीय संहितेत सांगितली आहेत; शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यऋणही जोडले आहे.

मग “मी माझी ड्यूटी केली” असे म्हणून हात झटकता येतील का?

माझ्या लहानपणी बाबा रात्रपाळीला असताना आजीला एकाएकी धाप लागली. शेजारचे काका, स्वतः दुपारपाळी करून नुकतेच झोपलेले, उठले आणि तिला दवाखान्यात घेऊन गेले. ती त्यांची ड्यूटी नव्हती. पुढे निवृत्त होऊन ते गावी परतले आणि त्यांचे उतराई होणे राहूनच गेले. त्यानंतर वस्तीत कोणाच्याही घरी रात्री अडचण आली की बाबा चप्पल घालून निघत. आई एकदा चिडून म्हणाली, “सगळ्यांचा मक्ता तुम्हीच घेतलाय का?” बाबा म्हणाले, “घेतलेले परत करतोय. ज्यांचे घेतले ते आता इथे नाहीत, एवढेच.”

आईचा प्रश्नही खोटा नव्हता. ऋणाच्या नावाखाली दुसऱ्याला राबवून घेणारे असतातच. म्हणून ऋण दुसऱ्यावर लादायचे नसते. ज्याचे त्याने ओळखायचे असते. आणि बाहेरचे ऋण फेडताना घरच्यांचे थकवायचे नसते. हे बाबांना उशिरा कळले, पण कळले.

कारखान्यात पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडत नाहीत. आपल्या आधी कोणीतरी ती जागा सांभाळली, आपल्यानंतर कोणीतरी सांभाळणार आहे. आज रात्री झोपण्यापूर्वी आपण स्वतःला एवढेच विचारू या : आज मी कोणाकडून काय घेतले आणि त्यातले पुढे काय दिले?