नाही म्हणायचं तर दारातच

नांदेडच्या एका महाविद्यालयात मेलचा सर्व्हर सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. काही वर्षांपूर्वी लेखा विभागातल्या मॅडमना प्राचार्यांची मेल आली: बैठकीत आहे, फोन करू नका, खालच्या खात्यावर तातडीने रक्कम टाका. नाव प्राचार्यांचे, पत्ताही महाविद्यालयाचाच. मॅडमनी सगळे भरून ठेवले होते, फक्त शेवटचे बटण दाबायचे राहिले होते. तेवढ्यात खुद्द प्राचार्य चहासाठी बाहेर आले, म्हणून निभावले. मॅडम त्या दिवशी रडल्या. मी संध्याकाळी बसून एक नियम लिहिला.

नियम सोपा होता. पाठवणारा म्हणून आमचा पत्ता दिसतो, पण मेल आमच्या सर्व्हरवरून निघालेली नाही, तर ती पुसून टाक. कोणाला काही कळवू नकोस. तीन आठवडे एकही तोतया आत आला नाही. माझे मलाच कौतुक वाटत होते.

मग लातूरहून सरांचा फोन आला. सर आमच्याकडूनच निवृत्त झालेले, मला शिकवलेले. एका विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीसाठी त्यांनी शिफारसपत्र पाठवले होते. महाविद्यालयाचा जुना पत्ता त्यांच्याकडे अजून होता, पण मेल ते घरच्या इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरवरून पाठवत. माझ्या नियमाच्या लेखी ते तोतयाच ठरले. पत्र समितीपर्यंत गेलेच नाही. अर्ज अपुरा ठरला आणि त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली. त्याहून वाईट म्हणजे कार्यालयातून मुलीला सांगण्यात आले की सरांनी पत्र पाठवलेच नाही.

मी माफी मागितली. सर चिडले नाहीत. एवढेच म्हणाले, "अरे, नाही म्हणायचं होतंस. परत आलं असतं तर मी एसटीत बसून पत्र घेऊन आलो असतो. तू तर काहीच बोलला नाहीस. ती पोरगी मला खोटारडा समजली ना."

तेव्हापासून मी या प्रश्नावर अडून आहे. संशय घ्यावा की नाही, हा प्रश्नच नाही. तो घ्यावाच लागतो. ज्याच्यावर संशय घेतला त्याला आपण काही देणे लागतो का, हा खरा प्रश्न आहे.

आधी हे बनावट नाव इतके सहज कसे लावता येते ते सांगतो. मेल पोहोचवण्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी 1982च्या ऑगस्टमध्ये लिहून काढले. तेव्हा जाळ्यावर विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि लष्करी कार्यालयेच काय ती होती. मेलवर पाठवणाऱ्याचे नाव दोनदा येते, एकदा पाकिटावर आणि एकदा आतल्या पत्रावर. आपल्याला दिसते ते आतले. ही दोन्ही नावे पाठवणाराच लिहितो आणि मूळ व्यवस्थेत ती कोणी तपासत नाही. पोस्टकार्डावर 'प्रेषक' म्हणून कोणाचेही नाव टाका, पोस्टमन थोडाच विचारतो?

पुढे उपाय निघाले. एसपीएफमध्ये पत्त्याचा मालक जाहीर करतो की माझी पत्रे फक्त या या सर्व्हरवरून निघतात. डीकेआयएम पत्राच्या मजकुरावर मोहोर उठवते. 'ध'चा 'मा' केला की मोहोर जुळत नाही. नारायणराव पेशव्यांच्या खुनाची ती आख्यायिका खरी धरली, तर 1773मध्ये ही सोय हवी होती. 2015 साली दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झालेला डीमार्क आतले नाव या दोन्हींशी ताडून पाहतो. नाव जुळले नाही तर पत्र जाऊ द्यायचे, बाजूला ठेवायचे की नाकारायचे, याची सूचना पत्त्याचा मालकच देऊन ठेवतो.

पण ही सगळी कागदपत्रे झाली. ठग स्वतःचा नवा पत्ता घेतो, त्याचे एसपीएफ चोख लावतो आणि वर नाव मात्र प्राचार्यांचे टाकतो. त्याचे कागद पूर्ण असतात. अडकतात ते सरांसारखे लोक, किंवा मेलसाठी वेगळा माणूस ठेवणे न परवडणारी तालुक्यातली एखादी संस्था. फेब्रुवारी 2024पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही उपाय सक्तीचे केले. ते योग्यच झाले. तरी तहसिलीत खेटे घातलेल्या कोणालाही ठाऊक असते की दलालाचे कागद सहसा पुरे असतात आणि खरा माणूसच एका दाखल्यासाठी परत जातो. तिथे निदान त्याला खिडकीवर सांगतात तरी, दाखला आणा म्हणून. माझ्या नियमाने तेवढेही सांगितले नव्हते.

मग प्रत्येक संशयित पत्र सरळ परत पाठवावे, हे उत्तर सुचते. तेही मी करून पाहिले आहे, म्हणजे ते दुसऱ्यांनी माझ्यावर केले. एका रात्री कोणीतरी माझा पत्ता लावून जगभर जाहिराती पाठवल्या. सकाळी माझ्या पेटीत परत आलेल्या शेकडो मेल पडल्या होत्या. मी न लिहिलेल्या पत्रांचे नकार मला मिळत होते. पाठवणाऱ्याचे नाव खोटे असेल, तर परतीचे पत्र जाते ते ज्याचे नाव चोरले त्याच्याकडे. म्हणजे गप्प राहिलो तर खऱ्या माणसावर अन्याय, आणि उत्तर दिले तर ज्याचा काही संबंध नाही अशा तिसऱ्यावर.

हा पेच सुटतो तो दारात. सर्व्हर पत्र घेऊन येतो तेव्हा दोन सर्व्हरांमध्ये अक्षरशः संभाषण चालू असते. कोणाकडून, कोणासाठी, हा घ्या मजकूर. शेवटचे 'घेतले' म्हणण्याआधी नकार दिला, तर तो समोर उभ्या असलेल्या निरोप्यालाच मिळतो. निरोप्या खऱ्या कंपनीचा असेल तर तो आपल्या ग्राहकाला कळवतो की तुमचे पत्र घेतले नाही, कारण हे. ठगाचे यंत्र असेल तर ते नकार ऐकून पुढे जाते. सहसा कोणा तिसऱ्याला त्रास होत नाही. 'घेतले' म्हटल्यावर मात्र पत्र पोहोचवण्याची, नाहीतर तसे कळवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. मेलच्या नियमांतच हे तत्त्व आहे. मी पत्र घेत होतो आणि मागल्या दाराने जाळत होतो.

यावर माझा एक सहकारी म्हणतो की नकाराचे कारण सांगितले तर ठगही शिकतो. खरे आहे. थोडे शिकतोच. पण ठगाला काही कळू नये म्हणून सरांनाही काही कळू द्यायचे नाही, ही किंमत मला जास्त वाटते. ती मी मोजलीच नव्हती. ती लातूरच्या त्या मुलीने मोजली.

तोतयामुळे फसतो त्याचेच नुकसान होते असे आपण धरून चालतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक माणूस उभा राहिला, लोकांनी त्याला मानलेही, आणि 1776मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. मला वाटते, त्यानंतर समजा खरे भाऊ परतले असते तर? त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला असता? तोतया खऱ्या माणसाचीही वाट बंद करून जातो. ती उघडी ठेवायचे काम दारावरच्या माणसाचे आहे.

आता नियम बदलला आहे. पत्ता आमचा आणि सर्व्हर परका असेल, तर मेल दारातच नाकारली जाते. नकारात मराठी आणि इंग्रजीत कारण असते आणि कार्यालयाचा फोन नंबरही. नुसताच संशय असेल तर मेल वेगळ्या पेटीत जाते, आणि ती पेटी मी रोज सकाळी स्वतः उघडतो. सरांना आमच्या सर्व्हरवरून मेल पाठवण्याची सोय करून दिली. त्या मुलीलाही मी फोन करून सांगितले की सरांनी पत्र वेळेत पाठवले होते, ते मी पुसले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे सरांना सांगितलं का?" मी हो म्हणालो. "मग बरं झालं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.